राजाने मौन का सोडले?

घाटकोपरला पंतनगरात हाउसिंग बोर्डाच्या ज्या इमारतीत आम्ही राहत होतो, तिथे १९८५ साली दूरदर्शनचा संच एकच होता. तो तळमजल्यावरच्या काकूंकडे. रविवारी 'विक्रम और बेताल' लागायची वेळ झाली की इमारतीतली सगळी पोरे काकूंच्या बाहेरच्या खोलीत फरशीवर दाटीवाटीने बसत. चपलांचा ढीग जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत जाई. मी तेव्हा दहा वर्षांची होते. मालिका रामानंद सागरांची. अरुण गोविल विक्रम झाले होते आणि सज्जन या जुन्या नटाने वेताळाचे काम केले होते. वेताळाचे ते पांढरे केस आणि ते हसणे आठवले की इमारतीमागच्या चिंचेखालून जायची रात्री कोणाची छाती होत नसे.

गोष्टीचा साचा ठरलेला. राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो, चालू लागतो. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर तुझे डोके फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर. राजा बोलतो. वेताळ उडतो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मालिका संपली की आमची परिषद जिन्यावर भरे. विषय एकच. इतका शहाणा राजा दर खेपेला बोलतो का? एकदा फसला, दोनदा फसला, पण आठवड्यामागून आठवडे फसणारा माणूस शहाणा कसा? यावर प्रत्येकाने आपापला सिद्धांत तयार केला होता आणि तो प्राणपणाने लढवला जाई.

माझा दादा रहस्यकथा वाचणारा. तो रद्दीच्या दुकानातून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके आणि 'चांदोबा'चे जुने अंक आणी. त्याचे म्हणणे, यात कट आहे. राजाला स्मशानात धाडणारा तो साधू आणि वेताळ एकमेकांना सामील आहेत. राजाला दमवायचे आणि मग मारायचे, असा त्यांचा बेत आहे. पहिल्या मजल्यावरचा एक मुलगा होता, अभ्यासात कच्चा पण नकला उत्तम करणारा. तो म्हणे, "अरे, राजाला गोष्टी आवडतात. गप्प बसला तर गोष्टी बंद होतील, म्हणून तो मुद्दामच बोलतो." यावर सगळे हसत. पण तो हट्टाने म्हणे, "मी असतो तर मीही बोललो असतो."

काकू सिंधुदुर्गातल्या. त्यांच्याकडे वेताळ म्हणजे भूत नव्हे, गावचा राखणदार. कोकणात आणि गोव्यात वेताळ ग्रामदैवत म्हणून पुजला जातो, हे मला पुष्कळ उशिरा कळले. पण काकूंना ते जन्मापासून ठाऊक. त्या चहाचे कप गोळा करता करता सांगत, "वेताळ वाईट नाही हो. तो राजाला वाचवायला वेळ काढतोय. रात्र संपली की साधूचं काही चालणार नाही." आणि माझी आई, जी कधी वादात पडत नसे, ती एकदा एवढेच म्हणाली, "ठाऊक असून गप्प बसणं म्हणजे खोटं बोलण्यासारखंच आहे. राजाला ते कसं जमेल?"

या परिषदेत बाबा नसत. ते घरीच असत, पण खाली येत नसत. बाबा गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांनी डॉक्टरकी केली ती आमच्याच पंतनगरात, त्यामुळे त्या दिवसांत वसाहतीत संपाखेरीज दुसरा विषय नसे. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधीच जाहीर झाले नाही. तो नुसता विरत गेला. काही गिरण्या सुरू झाल्या, काही झाल्या नाहीत. काही लोक परत घेतले गेले, पुष्कळांना घेतले नाही. बाबा त्या पुष्कळांतले. आई शिवणयंत्रावर घर चालवत होती. बाबा सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा नसला तरी स्वच्छ सदरा घालून खिडकीशी बसत. येणारा-जाणारा विचारी, "काय, गिरणी कधी सुरू होणार?" बाबा काही बोलत नसत. विचारणारा जरा थांबून निघून जाई.

मला त्याची फार भीती वाटे. कारण मला नियम ठाऊक होता. ठाऊक असून बोलले नाही तर डोके फुटते. बाबांना ठाऊक असणारच, कारण बाबांना सगळे ठाऊक असते. मग ते बोलत का नाहीत? मी रात्री कितीदा तरी उठून, अंधारात चाचपत त्यांच्या उशाशी जाऊन पाहून आले आहे. डोके जाग्यावर असे. मी परत येऊन झोपे.

एकदाच बाबा खाली आले. दिवे गेले होते, मालिका अर्धीच राहिली होती, आणि काकूंच्या दारात आमचे भांडण रंगले होते. दादाने त्यांना पाहून विचारले, "बाबा, तुम्ही सांगा, राजा का बोलतो?" मला वाटले, ते नेहमीसारखे गप्प राहतील. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. गिरणीत सुरुवातीची काही वर्षे त्यांनी गाठी वाहिल्या होत्या. ते म्हणाले, "खांद्यावर ओझं आहे ना त्याच्या? ओझं घेऊन चालणाऱ्याला बोलावं लागतं. नाहीतर वाट सरत नाही." आणि ते वर निघून गेले.

मालिकेचा शेवट आम्हा दोघांना पाहायला मिळाला नाही. त्या सुट्टीत आम्ही आईच्या माहेरी, शेवगावला होतो. परत आलो तेव्हा मालिका संपली होती, आणि मौज अशी की पाहिलेल्या प्रत्येकाने शेवट वेगळा सांगितला. 'चांदोबा'तही शेवट नव्हता. मूळच्या कथा संपल्यावर त्या मासिकाने नव्या नव्या कथा वेताळाच्या तोंडी घातल्या आणि दर महिन्याला वेताळ झाडावर परत जात राहिला. पुढे २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' सुरू झाले. विक्रम झालेले अरुण गोविल राम झाले. वेताळकथांत राजकन्या झालेल्या दीपिका सीता झाल्या. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या त्या मुलाने जाहीर केले की विक्रमानेच राम होऊन जन्म घेतला. काकूंनी त्याला सुनावले, "राम त्रेतायुगातला, विक्रम कलियुगातला. आधी कोण?" तो म्हणाला, "टीव्हीवर आधी विक्रम."

शेवटाचा हा शोध माझ्या डोक्यातून गेला नव्हता. १९९३ साली मी आपल्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते आणि संस्कृत घेतले होते. ग्रंथालयात, खालच्या फडताळात, सोमदेवाचा 'कथासरित्सागर' सापडला. अकराव्या शतकात काश्मीरचा राजा अनंत याची राणी सूर्यमती हिच्या मनाला विरंगुळा म्हणून सोमदेवाने हा ग्रंथ रचला. त्याच्या बाराव्या लंबकात वेताळाच्या कथा आहेत. मी थेट शेवटाकडे जायचे ठरवले होते, पण सुरुवातीच्याच ओळींनी मला थांबवले. राजा उज्जैनचा नव्हताच. त्याचे नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याचे नगर गोदावरीच्या काठचे प्रतिष्ठान. म्हणजे आपले पैठण! पुढे कथा देशभर हिंडत गेली, निरनिराळ्या हातांनी पुन्हा लिहिली गेली, तसा तो उज्जैनचा विक्रमादित्य झाला. १८०५ च्या सुमारास कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात 'बैताल पचीसी' हिंदुस्तानीत आली. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी 'वेताळ पंचविशी' केली ती १८३० साली. अशी मोठी प्रदक्षिणा घालून पैठणचा राजा शेवटी घाटकोपरला काकूंच्या खोलीत पोहोचला होता, आणि आम्ही त्याला परगावचा समजत होतो.

घरी जाऊन आईला सांगितले. शेवगावहून पैठण जवळ. लहानपणी ती नाथषष्ठीला बैलगाडीने गेली होती. ती हातातले शिवण न थांबवता म्हणाली, "पैठणचा होय? मग बोलणारच. जिथं ज्ञानेश्वरांनी रेड्याला बोलायला लावलं, तिथला राजा गप्प कसा राहील?"

मग मी एकेक सिद्धांत ग्रंथाशी ताडून पाहू लागले, आणि माझे मलाच नवल वाटू लागले. साधू खरोखरच कपटी निघाला. त्याचे नाव क्षान्तिशील. तो रोज राजाला एक फळ आणून देई आणि फळात रत्न दडवलेले असे. राजाचाच बळी द्यायचा त्याचा बेत होता. म्हणजे दादाचा कटाचा संशय बरोबर होता, फक्त त्याने एक आरोपी जास्त धरला होता. वेताळ त्या कटात नव्हता. उलट शेवटी त्यानेच राजाला सावध केले. साधू तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण, मी राजा, मला नमस्कार घालता येत नाही, तू घालून दाखव. तो वाकला की त्याचे डोके उडव. काकूंचा राखणदार तो हाच. आईचे म्हणणे तर कथेचा नियमच होता. जाणत असून न सांगणाऱ्याचे डोके फुटते.

आणि पहिल्या मजल्यावरचा तो मुलगा, ज्याला आम्ही सगळे हसलो! शेवटी प्रसन्न झालेला वेताळ राजाला वर मागायला सांगतो. राजा काय मागतो? राज्य नाही, धन नाही. तो मागतो की या चोवीस कथा, आणि शेवटची ही पंचविसावी, पृथ्वीवर प्रसिद्ध होवोत आणि लोक त्यांचा आदर करोत. ज्याला गोष्टी आवडतात असा राजाच हे मागेल. तो मुलगा तेव्हा ठाण्याला एका छापखान्यात कामाला लागला होता. मी त्याला मुद्दाम गाठून हे सांगितले. तो म्हणाला, "मी म्हणालोच होतो."

बाबांचा सिद्धांतही तिथेच होता, अगदी पहिल्या कथेच्या तोंडाशी. वेताळ पहिल्यांदा तोंड उघडतो तो धमकी द्यायला नव्हे. तो म्हणतो की वाट सुखाची व्हावी म्हणून तुला एक कथा सांगतो. धमकी मागाहून येते.

इतके सगळे जुळल्यावर मलाही स्वतःचा एक सिद्धांत असावा असे वाटू लागले. सोमदेवाने ज्या मूळ ग्रंथावरून आपला ग्रंथ रचला, तो म्हणजे गुणाढ्याची 'बृहत्कथा'. तो आज मिळत नाही. गुणाढ्याची हकिकत सोमदेवानेच सांगितली आहे. तो प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाचा मंत्री. राजाला व्याकरण किती दिवसांत शिकवता येईल यावर दरबारात पैज लागली. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने. आणि तसे झाले तर आपण संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडू, असे गुणाढ्य बोलून गेला. तो हरला. बोलायला भाषाच उरली नाही म्हणून मौन धरून विंध्याच्या अरण्यात गेला. तिथे पिशाचांची भाषा शिकला आणि तीत, स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांचा ग्रंथ लिहिला. राजाने तो नाकारला. तेव्हा गुणाढ्याने अग्नी पेटवला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचे आणि अग्नीत टाकायचे, असे सुरू केले. प्राणी चरायचे विसरून अश्रू ढाळीत ऐकत उभे राहिले. राजा धावत आला तेव्हा एक लाख श्लोक तेवढे उरले होते.

हे वाचताना मला वाटले, सापडला! वेताळ म्हणजे गुणाढ्यच. नगराबाहेर काढलेला, पिशाचांची भाषा बोलणारा, गोष्टींखेरीज जवळ काही नसलेला, आणि प्रतिष्ठानच्याच राजाच्या मानगुटीवर बसून म्हणणारा, आता ऐक! मी आठ पाने लिहून संस्कृतच्या सरांना दाखवली. सरांनी ती शांतपणे वाचली आणि विचारले, "बुधस्वामी पाहिलात का?" बुधस्वामीचा 'बृहत्कथाश्लोकसंग्रह' नेपाळात सापडला. तोही गुणाढ्याच्याच परंपरेतला, आणि त्याचा जेवढा भाग हाती आला आहे त्यात वेताळाच्या कथा नाहीत. म्हणून पुष्कळ अभ्यासकांना वाटते की त्या मुळात 'बृहत्कथे'त नव्हत्याच, काश्मीरच्या परंपरेत मागाहून येऊन मिळाल्या. माझी आठ पाने तिथेच गळाली. सर म्हणाले, "टाकू नका. चुकलं आहे, पण मनापासून चुकलं आहे."

एक गोष्ट मात्र उरली होती. राजा शेवटी सुटतो कसा?

चोविसावी कथा अशी. राज्य गेलेली एक राणी आणि तिची मुलगी अरण्यात पळून येतात. एक सरदार आणि त्याचा मुलगा यांना वाळूत त्यांची पावले उमटलेली दिसतात, एक जोडी मोठी, एक लहान. बापलेक ठरवतात की मोठ्या पावलांची बाई बापाने करायची, लहान पावलांची मुलाने. गाठ पडते तेव्हा कळते की लहान पावले आईची आहेत आणि मोठी मुलीची. दिलेला शब्द मोडायचा नाही, म्हणून बाप मुलीशी लग्न करतो आणि मुलगा आईशी. दोघींनाही मुले होतात. तर त्या मुलांचे एकमेकांशी नाते काय?

बाबा तेव्हा मुलुंडला एका सोसायटीत रात्रपाळीचे रखवालदार होते. कामावर जाण्यापूर्वी जेवायला बसले होते. मी त्यांना ही कथा सांगितली आणि कोडे घातले. त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. मामा, काका, आजा, नातू, पुन्हा मामा. दोनदा मांडला, दोनदा मोडला. मग ते मोकळेपणी हसले. मी त्यांना तसे हसताना फार दिवसांनी पाहत होते.

"नाही सांगता येत," ते म्हणाले. "राजाने काय सांगितलं?"

"काहीच नाही. त्यालाही आलं नाही. तो गप्प राहिला आणि चालत राहिला. म्हणून तर सुटला."

बाबांनी हात धुतले. टॉवेलाला पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाले, "मला लोक विचारायचे, गिरणी कधी सुरू होणार. ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का?"

मी लहानपणी रात्री उठून त्यांचे डोके पाहायला येत असे, हे मी तेव्हा त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मी जागाच असायचो." आणि काठी, विजेरी घेऊन कामावर गेले.

नियम मी अर्धाच लक्षात ठेवला होता. ठाऊक असून न बोलणाऱ्याचे डोके फुटते, हे पाठ होते. ठाऊक नसताना न बोलणाऱ्याला काही होत नाही, हा त्याचाच दुसरा अर्धा भाग माझ्या ध्यानातच आला नव्हता. मी खिडकीतल्या त्या गप्प माणसाला काहीतरी लपवणारा समजत होते. तो काही लपवत नव्हता. भलते उत्तर देऊन विचारणाऱ्याची आणि स्वतःची समजूत काढायची नाही, एवढेच तो पाळत होता. आणि ओझे खांद्यावर होतेच.

बाबांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. २०१८ साली दूरचित्रवाणीवर विक्रम-वेताळाची नवी मालिका आली. तीत वेताळ मकरंद देशपांडे झाले होते. दादाचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. मालिका पाहता पाहता त्याने मान वळवून विचारले, "आत्या, राजा बोलतो का दर वेळी?"

मी उत्साहाने सुरू करणार होते. त्रिविक्रमसेन, क्षान्तिशील, चोविसावी कथा, सगळे जिभेवर होते. दादाने हाताने थांबवले. "सांगू नकोस लगेच. त्याला काय वाटतं ते आधी विचार."

मुलाने जरा विचार केला. म्हणाला, "स्मशानातून एकटाच चाललाय ना तो. भीती वाटत असेल. स्वतःचा आवाज ऐकू आला की बरं वाटतं."

हा सिद्धांत १९८५ च्या परिषदेत कोणालाच सुचला नव्हता. सोमदेवाने त्या स्मशानाचे वर्णन केले आहे, चितांचा उजेड, काळोख आणि भुतावळ. राजा मात्र तिथून न भिता गेला, असे लिहिल्याचे मला आठवते. पण तो खरोखरच भ्यायला नव्हता का, हे मला पुन्हा एकदा नीट पाहायला हवे.